ठरावाची नक्कल आणायला पवन मावळात

आमच्या खाडीत जिताडा मासा मिळेनासा झाला, तेव्हा मी ग्रामपंचायतीत बायकांच्या राखीव जागेवर सदस्य होते. वय चोवीस, आणि सभेत तोंड उघडायची छाती नव्हती. धरमतरच्या खाडीकाठचं आमचं कोळ्यांचं गाव. गावातले काही जण दगडखाणीवरून सुरुंगाच्या कांड्या मिळवून पाण्यात टाकत. एका दणक्यात मोठे मासे वर तरंगत, आणि बोटाएवढी पिल्लं मरून तळाशी जात. माझा धाकटा दीर काशिनाथ त्यांतलाच एक. एकदा कांडी हातातच फुटली आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

लोणावळ्याच्या बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या माझ्या मावशीने निरोप धाडला, की पवन मावळातल्या एका पंचायतीने ठराव करून नदीतला सुरुंग बंद पाडलाय. आमचे सरपंच म्हणाले, "ऐकीव गोष्टीवर सभा कशी बोलावू? ठरावाची नक्कल आण, मग बघू." नवरा बोटीवर गेलेला. सोबत कोण, असा प्रश्न पडला तेव्हा काशिनाथ हळूच म्हणाला, "वहिनी, मी येतो." अपघातानंतर तो गावाबाहेर पडलाच नव्हता. मला आश्चर्यच वाटलं.

सकाळी लाँचने धरमतर, तिथून एस.टी.ने पेण, मग खोपोली. खोपोलीत गाडी बदलायला तासभर होता. डोंगरावरून उतरणारे ते जाड नळ मी पहिल्यांदा पाहिले. घाट चढताना मला गाडी लागली. तुम्हीही समुद्राकाठचे असाल, तर घाटाआधी भरपेट खाऊ नका, एवढंच सांगेन. वर पोचलो आणि एप्रिल असूनही अंगावर गार वारा आला.

मावशीने गरम भात आणि सुकटीची आमटी वाढली आणि दुपारी आम्हाला वलवणचं धरण दाखवायला नेलं. काठाशी उभी राहून ती म्हणाली, "हेच पाणी नळांतून खोपोलीला उतरतं. त्यावर वीज करतात, आणि मग ते नदीने तुमच्या खाडीत येतं." काशिनाथ खाली बसला, डाव्या हाताने ओंजळभर पाणी घेऊन तोंडाला लावलं. "गोडं हाय," म्हणाला, आणि आम्ही तिघंही हसलो. कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पॅसेंजर गाडीने कामशेत. तिथून पवनेकडे जाणारी एस.टी. मिळते. आता पवनानगरला जीपाही भरून जातात. तेव्हा पवनेचं धरण बांधून व्हायचं होतं आणि रस्ता म्हणजे नुसती लाल माती. बेडशाची लेणी उजवीकडे ठेवून गाडी खिंड उतरते, तिथून खालचं खोरं असं उघडं पडतं की खिडकीतली जागा धरायलाच हवी. उतरल्यावर आम्ही तासभर चाललो. (गावाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तिथल्या लोकांना गर्दी नको असते.)

सरपंचांना सगळे भाऊ म्हणत. ते गोठ्यात बैलांना वैरण टाकत होते. आमचं काम ऐकून म्हणाले, "नक्कल द्येतो की. पन आधी नदीचा डोह बगून या. कागद काय, कुटंबी मिळंल."

डोहाकाठी कातकरी वाडीतले धर्माआबा बसले होते. वय सत्तरीचं, हातात बांबूची काठी. त्यांनी मूठभर भाजलेले चणे पाण्यात टाकले, आणि तळातून काळ्या सावल्या वर आल्या. हातभर लांबीचे खडस मासे! पाणी घुसळून निघालं. जन्म खाडीवर गेला होता, तरी मी तोंडात बोट घालून पाहत राहिले.

आबांची नजर मात्र काशिनाथच्या हातावर होती. त्याने तो टॉवेलखाली लपवला होता.

"हाताला काय झालं रं?"

"करवतीत सापडला."

"करवत सरळ कापती," आबा शांतपणे म्हणाले. "मी बी सुरुंग टाकायचो. मला कळतंय."

काशिनाथने टॉवेल काढला आणि सगळं सांगितलं. कांडी कुठून आणायचा, किती पिल्लं मरताना पाहिली, बायकोसमोर जेवायला बसायची कशी लाज वाटते. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"मग तुमी का सोडलंत, आबा?" त्याने विचारलं.

"पंचायतीनं पयला ठराव केला, तवा न्हाई सोडलं. आमाला कुनी इचारलंच न्हवतं. पोरं उपाशी ठेवून कागद कोन पाळंल? मग भाऊ सोता वाडीवर आलं. हितं बसून बोललं."

संध्याकाळी भाऊंनी ठरावांची चोपडी उघडली. पहिल्या ठरावात एकच ओळ होती, सुरुंग बंद. दुसऱ्यात तीन होत्या: डोहात कुणीच मासे धरायचे नाहीत, बाकीच्या नदीत वाडीचा हक्क, बाहेरच्याचा नाही, आणि डोहाची राखण वाडीकडे. भाऊ म्हणाले, "पयला ठराव आमी चावडीत बसून केला. लय चुकलं. दुसरा वाडीवर जाऊन केला." ग्रामसेवक रजेवर होता, म्हणून मीच दोन्ही ठराव उतरवून घेतले. भाऊंनी सही केली, शिक्का मारला. आमचं जेवण तांदळाची भाकरी, वालाचं कालवण आणि मिरचीचा ठेचा. भाऊंच्या घरच्यांनी परतीसाठी पण भाकऱ्या बांधून दिल्या.

गावी परतल्यावर मी सरपंचांना लगेच नक्कल दिली नाही. आधी सुरुंग टाकणाऱ्या पाचही घरी गेले. काशिनाथ सोबत होता. दोन घरांनी आम्हाला हाकललं, एकाने चहा दिला, दोघांनी बसवून ऐकलं. मग नक्कल दिली, आणि सरपंचांनी सभा बोलावली.

सभेत मी पहिल्यांदाच उभी राहिले. ठराव वाचला: तिवरांच्या बनाकडचा खाडीचा फाटा पिल्लांसाठी राखीव, तिथे मासेमारी बंद, बाकीच्या खाडीत गावच्या होड्यांचा हक्क, सुरुंग कुठेच नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "ती गोड्या पाण्याची नदी. आपल्या खाऱ्या पाण्यात कसलं जमतंय?"

काशिनाथ उठला. उजवा हात सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "ह्या हाताने मी पिल्लं मारली. राखण मी करतो. पगार नको."

ठराव मंजूर झाला. लगेच सगळं सुधारलं असं नाही. पुढच्या वर्षीही दोनदा दणका ऐकू आला. पण काशिनाथ होडी घेऊन फाट्याच्या तोंडाशी बसायचा, आणि ज्यांनी आम्हाला हाकललं होतं त्यांतला एक तिसऱ्या वर्षी त्याच्या शेजारी येऊन बसला. पुढे फाट्यात जिताड्याची पिल्लं दिसू लागली.

मी नंतर दोनदा पंचायतीत निवडून आले. रस्ता असो, विहीर असो, ठरावाला हात वर करण्याआधी मी बघायची, की ज्याचं पोट या गोष्टीवर आहे तो माणूस सभेत बसलाय का? नसेल तर त्याला बोलावणं धाडायची. त्यामुळे आमच्या सभा फार लांबत. चहा दोनदा करावा लागे, आणि सरपंच माझ्यावर वैतागत. पण बोलावणं गेलं, की माणूस हातातलं काम टाकून येत असे.