पालथा पुडा

बिस्किटाचा पुडा हातात आला, की चाची आधी तो पालथा करायची. पुढच्या बाजूला गोबऱ्या गालांचं लेकरू असो की दुधाचा पेला, तिला त्याच्याशी देणंघेणं नसे. मागची बारीक अक्षरं ती उजेडाकडे धरायची, जणू त्यांच्या आरपार आतलं दिसणार आहे. मग पुडा माझ्यापुढे ठेवायची.

"भाऊ, वाचून सांगा न. याच्यात चरबी-गिरबी तं नाही न?"

साकोलीला हायवेवर माझं किराणा दुकान. मी सातवी पास. ती अक्षरं इंग्रजी. मला तरी कुठे वाचता येत होती? पण गिऱ्हाइकांदेखत तसं कबूल करील तो दुकानदार कसला! मी ओरडायचो, "मी काय कारखान्यात जाऊन पाहून आलो काय? कंपनीले विचारा!"

चाची पुडा होता तिथे, होता तसा सरळ उभा करून ठेवायची आणि फुटाणे मागायची. "माहीत नाही, तं नाही खाल्लं. काय बिघडलं?"

तिचा नवरा हायवेवर ट्रकांचे पंक्चर काढायचा. घर आमच्याच गल्लीत, चार घरं सोडून. सारी गल्ली तिला चाची म्हणे, म्हणून मीही म्हणायचो, ती माझ्याहून फार मोठी नव्हती तरी. असं एखादं गिऱ्हाईक तुम्हीही पाहिलं असेल. घेतं थोडं, विचारतं फार. दुकानदाराचं डोकं फिरतं ते अशांपायी.

आणि माझं डोकं फिरायला वेळ लागत नसे. सायकलवर सुई-दोरा आणि साबण बांधून गावोगाव हिंडलो, त्यातून दुकान उभं केलं. नागपूरचा ठोक व्यापारी भाव सांगे, तेव्हा मी पिशवी उचलून सरळ दाराकडे चालू लागायचो आणि तो हाक मारेपर्यंत मागे पाहायचो नाही. पहिल्या शब्दावर सौदा मी कधी केलाच नाही.

दुकान पक्कं बांधलं तेव्हा साकोलीत पहिल्यांदा कंपनीचा डब्यातला केक मीच आणला. पूजा झाली, गल्लीत घरोघरी एकेक डबा पाठवला. चाचीकडेही पाठवला. संध्याकाळी दुकान माणसांनी भरलेलं असताना ती पदराखाली डबा घेऊन आली. सील तसंच.

"भाऊ, राग नका मानू. याच्यात काय हाय ते कोणाले सांगता येऊन नाही राहिलं. डुकराची चरबी असंल तं हरामच. दुसऱ्या जनावराची असंल तं ते कोणी, कसं कापलं, काय माहीत? लेकराइले कसं देऊ?"

"माझ्या दुकानातलं विष हाय काय?" मी ताडकन उठलो.

"विष असतं तं वापस कायले आणलं असतं? फेकूनच नसतं काय देलं?"

दुकानात हशा पिकला. नव्या दुकानात, पहिल्याच दिवशी, माझ्यावर. तो डबा मी फळीवर आपटला आणि त्या दिवसापासून चाचीशी बोलणं सोडलं. सामान मुकाट्यानं तोलून द्यायचो. घरी मात्र रोज फणफणायचो, "माझ्या हातची वस्तू परत केली बाईनं! एवढा माज!" माझी माय ऐकायची आणि मान डोलवायची. "त्याइचं तसंच असते बाबू."

आता ईदचं सांगायला हवं. ते गाळून पुढे जाता आलं असतं तर गेलो असतो.

चाची गल्लीत राहायला आली त्या पहिल्या ईदला तिनं आमच्याकडे शिरखुर्मा पाठवला होता. अल्युमिनियमचं वाडगं, काठाला पोचा आलेलं, वरून रुमाल. मायनं ते दारातच घेतलं, हसून घेतलं, आणि मागच्या अंगणात नेऊन गाईपुढे ठेवलं. मी तिथेच दात घासत होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. कोणालाच वाटलं नसतं. थोड्या वेळानं चाची वाडगं न्यायला मागच्या दारानं आली, तर गाय वाडग्यात तोंड घालून तळ चाटत होती.

माय गडबडली. चाची म्हणाली, "गाईले आवडलं न, माय? चांगलं झालं."

पुढच्या ईदपासून तिनं शिजवलेलं कधीच आणलं नाही. ताटात कोरड्या शेवया, साखर, खोबरं, नागझिऱ्याच्या जंगलातली चारोळी. माय ताटाला हात न लावता सुपात ओतून घ्यायची. "तुमच्या भांड्यात तुम्हीच शिजवा, माय," चाची म्हणायची. "गोड तं तेच हाय." माझी बायको शिजवायची, आम्ही बोटं चाटून खायचो. केकचा डबा परत आला, त्या वर्षीसुद्धा खाल्लं. खाताना माझी फणफण चालूच होती.

ऐंशीनंतर दोन-तीन वर्षांनी ती बातमी आली. वनस्पती तुपात गाईची चरबी मिसळतात म्हणे. कोणत्या डब्यात, कोणालाच ठाऊक नाही. गाव दुकानावर तुटून पडलं. मोहाडीकडचा एक पाहुणा तर उघडा डबा डोक्यावर घेऊन आला. सगळे डबे पालथे करकरून बघत होते, बारीक अक्षरं उजेडाकडे धरत होते.

"शेठ, सांगा न, याच्यात चरबी तं नाही?"

"मले काय माहीत? कंपनीले विचारा!" मी ओरडलो. तेवढ्यात पायरीवर उभी असलेली चाची दिसली. वाटलं, आता ही वचपा काढणार. काढायलाच हवा होता. मी काढला असता.

ती गर्दीला म्हणाली, "भाऊले कायले बोलून राहिले बावा? डबा तं बंद आला न."

घरी वेगळंच चाललं होतं. मायनं सणाला त्याच तुपात तळलं होतं. तिनं जेवण सोडलं. मी ताट घेऊन गेलो, की माझ्या तोंडाकडे बघून एवढंच विचारायची, "याच्यात चरबी तं नाही न रे?" चाचीचाच प्रश्न. मी मायवर ओरडू शकलो नाही.

दुसऱ्या दिवशी चाची मागच्या दारानं आली. "माय, चला माझ्यासंग तेलाच्या घाणीवर. जवस तुमचा, डबा तुमचा. डोळ्यासमोर तेल काढून घ्या. मी तं असंच आणतो." दोघी गेल्या. बैल फिरत होता तोवर घाणीपाशी बसून राहिल्या, आणि माय ताजं तेल घेऊन परतली. त्या रात्री जेवली. हात धुताना म्हणाली, "इतके वर्ष ते बिचारी विचारे, अन् तू भुंकत होतास."

मला तिला गाईची आठवण करून द्यायची होती. माझ्याच्यानं झालं नाही. दात घासत मीही उभा होतो की.

माय गेल्यावर वर्षभरातच कळलं, चाचीचा मुलगा कामठीला कामाला लागला, सगळं घर तिकडे जाणार. मी गूळ आणि फुटाणे बांधून घेतले, पालथं करून बघावं लागू नये असं, आणि तिच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. चार घरांच्या वाटेत एकच वाक्य घोकत होतो.

अंगणातल्या खाटेवर बसलो. पुडी बघून ती हसली. "याच्यात काय काय हाय, भाऊ?"

"गूळ अन् फुटाणे," मी म्हणालो, आणि घोकलेलं वाक्य बोलून टाकलं. "चाची, पाणी द्या."

तिचा चेहरा उजळला. ती लगबगीनं उठली, भिंतीशी गेली आणि पलीकडच्या हिंदू घराला हाक मारली. "ओ वहिनी! लोटाभर पाणी द्या न. भाऊ आले आमच्या घरी."

माठ तिच्या मागेच होता. ओल्या फडक्यात गुंडाळलेला. वर पालथं घातलेलं अल्युमिनियमचं वाडगं, काठाला पोचा आलेलं.

भिंतीवरून लोटा आला. तिनं तो हातातही घेतला नाही, वहिनीलाच म्हणाली, "तुम्हीच द्या, भाऊच्या हातात." मी घेतला. तेव्हा म्हणायचं होतं, चाची, हे नको, त्या माठातलं द्या. उभा जन्म घासाघीस करण्यात घालवलेला माणूस मी, कोणाचा पहिला शब्द न मानणारा. तो लोटा मी तोंडाला लावला आणि संपवला.

"आणखी मागवू काय, भाऊ?"

"नको," मी म्हणालो. "झालं."