डावीकडे वळलं की वाजतो

आमच्या थोरल्या भाऊजींना हॉर्नचा भारी तिटकारा. "ज्याला ब्रेक कळत नाही त्याला हॉर्न लागतो," हे त्यांचं वाक्य आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीवर रंगवलेलं आहे, माझ्या टेबलाच्या बरोब्बर वर. स्कूल म्हणजे काय, तर घराची पुढची खोली, एक टेबल, दोन बाकं, वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि बाहेर उभी पांढरी गाडी. गाडीत दोन ब्रेक, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक भाऊजींच्या. मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. फॉर्म भरणं, फोन घेणं, वेळा ठरवणं आणि रडकुंडीला आलेल्यांना पाणी देणं ही कामं माझी.

भाऊजींचा दुसरा नियम याहून कडक. गाडीत शिकणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. "समजलं तर मान हलवा. नाही समजलं तर गाडी बाजूला घ्या आणि माझ्याकडे तोंड करून बोला." स्वतः तेही फारसं बोलत नसत. बोटातली अंगठी डॅशबोर्डवर वाजवत. एक टक म्हणजे हळू, दोन टक म्हणजे गियर बदला. लोकांनी त्यांना 'मुके मास्तर' असं नाव ठेवलं होतं, पण ते आदरानं. मला त्यांच्या शिस्तीचा फार अभिमान वाटायचा. आता तो अभिमान आठवला की स्वतःचाच राग येतो.

त्या सोमवारी सकाळी गाडी कोपऱ्यावरून डावीकडे वळली आणि हॉर्नने जी बोंब ठोकली ती वळण संपेपर्यंत थांबली नाही. माझं पेन हातातच राहिलं. भाऊजींच्या गाडीचा हॉर्न? मला वाटलं, कुणी गाय-म्हैस आडवी आली असेल. पण पुढच्या फेरीला तेच, त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच. समोरच्या औषधाच्या दुकानदाराने बाहेर येऊन मला विचारलं, "वहिनी, मास्तर कुणावर भडकलेत एवढे?"

दुपारी मी भाऊजींना म्हटलं, "हॉर्न फार वाजतोय हो."

"वाजवणारे वाजवतात," ते म्हणाले. "आपण आपला ब्रेक सांभाळावा."

मला वाटलं, मला टोमणा मारला. मंगळवार, बुधवार हेच चाललं. मी शिकणाऱ्यांना विचारलं तर शिवणकाम करणाऱ्या टेलरबाई म्हणाल्या, "अहो, मला वाटलं चुकीचं वळलं की तो वाजतो! शिकाऊ गाडी आहे ना, तशी सोय केली असेल. तीन दिवस मी आपली डावीकडे नीट वळायचा प्रयत्न करतेय, घरी ताट घेऊन सराव करतेय." बाकीच्यांनाही तसंच वाटलं होतं. गाडीत बोलायची बंदी, मग विचारणार कोण?

मी हसले खरी, पण मन शांत होईना. तीन दिवस गाडी बोंबलतेय आणि आत बसलेला माणूस तिला दुरुस्तीला नेत नाही, हे कसं?

गुरुवारी बाजाराचं निमित्त काढून मी मागच्या सीटवर बसले. टेलरबाईंनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग असं धरलं होतं, जणू कुणी ते हिसकावून नेणार आहे. कोपरा आला, गाडी डावीकडे वळली आणि हॉर्न सुरू झाला. आत तर तो डोक्यात शिरत होता. टेलरबाईंचे खांदे कानांपर्यंत गेले. भाऊजींच्या चेहऱ्यावरची रेघसुद्धा हलली नाही. त्यांनी शांतपणे दोनदा अंगठी वाजवली. दुसरा गियर.

रस्ता सरळ झाला, हॉर्न थांबला. मी म्हटलं, "भाऊजी." मग जरा मोठ्यानं म्हटलं. मग त्यांच्या मानेमागे हातभर अंतरावरून म्हणाले, "भाऊजी, मागे आग लागलीय." टेलरबाई दचकून वळल्या. भाऊजींनी त्यांना रस्त्याकडे बघायची खूण केली आणि एक टक केलं. हळू.

फोनला हात न लावणारे भाऊजी, टीव्हीवर फक्त खाली सरकणाऱ्या ओळी वाचणारे भाऊजी, बोलताना तोंडाकडे टक लावून बघणारे भाऊजी, सगळे एकदम माझ्यासमोर उभे राहिले. यांना ऐकू येत नाही. अजिबात येत नाही.

त्यांना हे सांगावं कसं, याचा विचार करेपर्यंत दुसरं वळण आलं. हॉर्न पुन्हा सुरू झाला आणि टेलरबाईंचा धीर सुटला. त्यांनी स्टिअरिंग सोडून दोन्ही कानांवर हात ठेवले. डाव्या अंगाला मागून एक सायकलवाला येत होता. तो ओरडत होता ते मला काचेतूनही ऐकू आलं. भाऊजी त्या क्षणी उजव्या बाजूने येणाऱ्या बसकडे बघत होते. मी जिवाच्या आकांताने "ब्रेक!" म्हणून किंचाळले. ते बसकडेच बघत राहिले. सायकल बंपरला घासली तेव्हा कुठे त्यांना धक्का जाणवला आणि त्यांचा पाय ब्रेकवर गेला.

सायकलवाला वेळेवर उडी मारून बाजूला पडला होता. गुडघा सोलवटला, बाकी काही नाही. तो उठला आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "बहिरे आहात का? केव्हाचा बोंबलतोय मी!"

असं कुणीही कुणालाही म्हणतं. पण भाऊजींनी तो शब्द त्याच्या ओठांवर वाचला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ते खाली उतरले, स्वतःच्या रुमालाने त्याचा गुडघा पुसला. घरी येईपर्यंत गाडी त्यांनीच चालवली. प्रत्येक डाव्या वळणाला हॉर्न वाजत होता आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.

मी तडक स्वयंपाकघरात गेले. जाऊबाई भाजी चिरत होत्या. माझं तोंड बघूनच त्यांनी सुरी खाली ठेवली.

"कळलं वाटतं तुला," त्या म्हणाल्या.

"किती दिवस झाले, ताई?"

"दिवस कसले? सात वर्षं. आधी बारीक आवाज गेले. मग फोन गेला. मग मी गेले." त्यांनी पदराने डोळे पुसले. "गाडीत न बोलायचा नियम कुणी काढला असं वाटतं तुला? मीच काढला. चारचौघांत काही आवाज झाला की मी मान हलवते, ते माझ्याकडे बघून ओळखतात."

"आज एक माणूस गाडीखाली जात होता, ताई."

"धाकटे, तुझ्या पाया पडते. त्यांना गाडीतून उतरवलंस तर घरात बसून ते काय करतील? भिंत बघतील?"

मला त्या रात्री झोप लागली नाही. शनिवारी भाऊजींच्या शिकवण्याच्या परवान्याचा नवा फॉर्म द्यायचा होता. त्यात एक रकाना होता: दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं का? मागच्या खेपेला तो मीच भरला होता. भाऊजींना न विचारता, चहा पीत, 'हो' लिहून मोकळी झाले होते. 'हो' लिहावं तर सायकलवाल्याचा गुडघा दिसायचा, 'नाही' लिहावं तर जाऊबाईंचे डोळे. आडात पडावं की विहिरीत, एवढंच ठरवायचं होतं.

शुक्रवारी मी इलेक्ट्रिशियनला बोलावलं. स्टिअरिंगखाली वाकून तो म्हणाला, "वायर घासून उघडी पडलीय. डावीकडे वळलं की पत्र्याला टेकते." टेप गुंडाळून झाल्यावर तो भाऊजींकडे तोंड करून हसला. "मास्तर, पाच दिवस हा भोंगा डोक्याशी वाजतोय आणि तुमचं डोकं नाही उठलं? कमाल आहे बुवा!"

भाऊजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग ते माझ्या टेबलापाशी आले.

"पाच दिवस?"

मी मान हलवली.

"काल वळताना?"

मी पुन्हा मान हलवली. ते बराच वेळ भिंतीवरचं स्वतःचं वाक्य वाचत उभे राहिले. मग म्हणाले, "चल. गाडीत बस. मी पाठ करून उभा राहतो. तुला वाटेल तेव्हा वाजव. ऐकू आलं की हात वर करतो."

ते गाडीपुढे दहा पावलांवर उभे राहिले, तोंड घराकडे. मी देवाचं नाव घेतलं आणि हॉर्न दाबला. झाडावरचे पक्षी उडाले, औषधवाला दुकानाबाहेर आला. आणि भाऊजींचा हात वर गेला.

मला इतका आनंद झाला की रडूच आलं. ऐकू येतंय! थोडं तरी येतंय! मी हॉर्नवरचा हात काढला. डोळे पुसून वर बघितलं तर समोर स्वयंपाकघराची खिडकी दिसली. खिडकीत जाऊबाई उभ्या होत्या, दोन्ही हातांनी गज धरून, आणि त्यांची मान अजून हलतच होती.

हॉर्न केव्हाच बंद झाला होता. औषधवाला परत आत गेला होता. रस्त्यावर सगळं शांत होतं, आणि भाऊजींचा हात अजून वरच होता.

मी गाडीतून उतरून त्यांच्यासमोर गेले, माझे ओठ दिसतील अशी उभी राहिले. ते माझ्याकडे बघत होते.

"थांबला का?" त्यांनी विचारलं.

"थांबला, भाऊजी."

त्यांनी हात हळूच खाली घेतला. खिडकीकडे बघून, आता पुरे, अशी खूण केली. मग आत जाऊन माझ्या खुर्चीत बसले, फॉर्म पुढे ओढला आणि त्या रकान्यात स्वतःच्या हाताने 'नाही' लिहिलं.