५९८ वरची रिकामी जागा

"हात लावा हो, चावत नाही पुस्तक." आमच्या ग्रंथपाल बाईंचं हे वाक्य मी आजवर कितीतरी जणांना हसत सांगितलं आहे. त्यापुढचं मात्र कुणालाच सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही. त्यांच्या वाचनालयातलं एक पुस्तक मी नेलं, आणि त्यापायी त्यांचं स्वप्न मोडलं.

बाई रोज पेणहून एसटीने रोह्याला यायच्या. पिशवीत डब्याशेजारी एक जाड इंग्रजी पुस्तक, रद्दीतून उचललेलं: अमेरिकेतल्या ग्रंथालयांचा इतिहास. बाई कधी मुंबईपलीकडे गेल्या नव्हत्या. पण दुपारी वाचनालय सुस्तावलं की त्या अमेरिकेबद्दल अशा बोलायच्या, जणू ती शेजारच्या खांब गावाच्या पुढच्या वळणावर आहे.

"तिकडे एक बाई घोडागाडीत पुस्तकं भरून शेतकऱ्यांच्या दारात जायची. आणि ग्रंथपालांना आधी अक्षर गिरवायला लावायचे, बरं का. पुस्तकाच्या नोंदीचं कार्ड कुणालाही वाचता आलं पाहिजे ना!"

बाईंची कार्डंही तशीच, उभ्या, गोल, सुट्या अक्षरांत.

"पोलादाच्या एका कारखानदाराने तर गावोगाव ग्रंथालयं बांधून दिली."

"आमच्या कंपनीला सांगू का?" मी म्हटलं.

"आधी एक पंखा मागा."

मी कंपनीत शिफ्टला होतो आणि वाचनालयाच्या समितीवरही होतो. तेव्हा पुस्तकं कुलपात असत. सभासदाने नाव सांगायचं, बाईंनी खिडकीतून पुस्तक द्यायचं. "तिकडेही आधी असंच होतं," बाई समितीला म्हणाल्या, "मग कुणीतरी कुलपं काढली. मला एक वर्ष द्या. मोजणीत एक जरी पुस्तक कमी भरलं, तर किल्ल्या तुमच्या." अध्यक्ष हसले. पण कुलपं निघाली.

आणि काय सांगू तुम्हाला! खांबचे एक भातशेतकरी बाजाराला आले की दारात घुटमळायचे. "नुसता बघू काय, बाय? वाचता जास्त येत नाय." "हात लावा हो, चावत नाही." मग ते धोतराला हात पुसून चित्रांची पानं उलटत बसायचे. अष्टमी गावची भाजीवाली डोकावून म्हणायची, "बाय गो, समदं उघडं टाकलंस, चोर येल ना!"

"पुस्तकाचा चोर आला तर त्याला चहा पाजीन," बाई म्हणायच्या.

पक्ष्यांच्या कप्प्यावर ५९८ हा वर्गीकरणाचा आकडा होता. बाई त्यावर बोट ठेवायच्या. "तिकडच्या ग्रंथालयातही ह्या आकड्यावर पक्षीच. आज तिथेही कुणीतरी असंच बोट ठेवून उभं राहील." आणि बघत राहायच्या, कुंडलिकेच्या दिशेला, पण नदीच्याही पुष्कळ पलीकडे.

त्याच कप्प्यातलं खाडीच्या पक्ष्यांवरचं पुस्तक मी नोंद न करता घरी नेलं. आम्ही समितीवाले तसंच न्यायचो. घरचंच तर आहे! मोजणीच्या सकाळी ते आठवलं. बाकीच्यांनी आपापली आधीच परत ठेवली होती. मी पुस्तक पिशवीत टाकून धावलो, गुपचूप ठेवून द्यायला. पोचलो तर सगळी समिती कपाटापुढे, आणि मोजणी ५९८ वर अडलेली.

"बघा हो जरा, मागे पडलं असेल," बाई मलाच म्हणाल्या.

मी गुडघ्यांवर बसलो, कपाटामागे हात घातला. पिशवी खांद्याला होती, पुस्तकाचा कोपरा बरगडीत टोचत होता. मी म्हणालो, "नाही." मागे खरंच नव्हतं.

अध्यक्षांनी हात पुढे केला. बाईंनी किल्ल्या दिल्या. मग सगळ्यांना चहा सांगितला. माझा कप माझ्या हातात देत म्हणाल्या, "कपडे झटका, धूळ लागलीये तुम्हाला."

त्यानंतर निवृत्तीपर्यंत बाई खिडकीमागे बसल्या. अमेरिकेचं नाव पुन्हा काढलं नाही. खांबचे ते शेतकरी एकदा आले, कुलपांकडे बघून दारातूनच वळले.

गेल्या वर्षी पेणला बाई वारल्या. त्यांच्या भावाला भेटायला गेलो तेव्हाही पुस्तक पिशवीत होतं. तसंच परत आणलं.

वाचनालयाला मी एक पुस्तक देणं लागतो. आणि बाईंना एक वाक्य: पुस्तक माझ्याकडे आहे.