शर्टाच्या पाठीशी

माझ्या वहिनीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, नणंद भावजयीचं कौतुक करतेय म्हणजे काहीतरी गडबड आहे.

ती काठीवरच्या बाहुल्या नाचवते. बाहुली काठीवर, काठी हातात, हात डोक्याच्या वर, आणि खेळ संपेपर्यंत तो हात खाली आणायचा नाही. अंगात काळे कपडे, डोक्यावर काळी टोपी, तोंडावर काळी जाळी. उमेदीची सगळी वर्षं तिने अशी अंधारात काढली. ते काळे कपडे मी शिवते. मी त्याच नाटक कंपनीची शिंपीण, त्यामुळे माप घेताना भांडायचा मला दुहेरी हक्क. तिच्या कपड्यांचा मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेतला घेर, मी नेहमीपेक्षा मोठा ठेवायचे. तसं केलं नाही तर हात वर गेला की शिवण उसवायची.

मग खांदा गेला. एका प्रयोगानंतर तिला शर्ट काढता येईना, मी बाही ओढून काढली. डॉक्टर म्हणाले, आता हात वर करायचं विसरा. मी तिथेच रडायला लागले. वहिनी म्हणाली, "कोण मेलंय? नाक पूस आधी."

कंपनीने तिला तिकीट खिडकीवर बसवायचं ठरवलं. ही बातमी घेऊन दिग्दर्शक स्वतः घरी आला. आम्ही त्याला पाठीमागे बारीकराव म्हणतो, कारण तो "एक बारीकशी सूचना" म्हणून सुरुवात करतो आणि अंगावर डोंगर ढकलतो.

"बसून काम आहे, ताई. वर पंखाही आहे."

"पंखा घरी पण आहे," वहिनी म्हणाली. "नव्या नाटकात दोरीवरचा शर्ट उडून जातो ना? त्यासाठी ड्रोन आणलाय म्हणे. तो मला दे."

"तुम्हाला? तो चालवायला..."

"हात वर जात नाही ना माझा? मग बाहुलीच वर जाईल."

घरी सरावासाठी ड्रोन द्यायला बारीकराव कबूल झाला. वाटलं असेल, दोन दिवसांत खूळ उतरेल. माझ्या भावजयीचं खूळ त्याने पाहिलं नव्हतं.

आमच्या हॉलमधल्या खुर्च्या भिंतीला लागल्या. दादा हेल्मेट घालून पेपर वाचायला लागला, लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर त्याला विरोधाचे फायदे-तोटे माहीत होते. माझी निराळीच डोकेदुखी. ड्रोनचे चारही पंखे हवा खाली फेकतात, त्या हवेने शर्ट फुगून उलटा व्हायचा. शेवटी मी पाठीचं कापड उडवून तिथे जाळी लावली, खालचा घेर पातळ कापडाचा केला आणि कडेला वजनासाठी बारीक मणी ओवले. ड्रोन खांद्यांच्या मधे लपला आणि बाह्या मोकळ्या लोंबल्या. आता तो शर्ट वाटत होता.

पण वहिनी काही तो नीट उडवेना. शर्टाची पाठ तिच्याकडे असली की लोण्यासारखा जायचा. त्याने वळून तिच्याकडे तोंड केलं की त्याचं डावं तिचं उजवं व्हायचं, आणि शर्ट थेट भिंतीवर. ड्रोन शिकणाऱ्या सगळ्यांचं हे होतं म्हणे, आणि थोड्या दिवसांत सवय होते. हिला होईना. बाहुलीच्या समोर कधी उभं राहायचं नाही, तिच्या पाठीशी राहायचं आणि ती बघते तिकडे बघायचं, हे तिच्या हाडीमांसी मुरलेलं. मी चिडून म्हटलं, "अगं, एवढीशी गोष्ट जमत नाही तुला?"

"नाही जमत. आणि मला जमवायचीही नाही."

ती उठली, रिमोट गळ्यात अडकवला आणि शर्टाच्या मागे जाऊन उभी राहिली. शर्ट वळला की ती वळायची, पुढे गेला की मागोमाग जायची. आणि काय सांगू, शर्ट जिवंत झाला. पुढे जाता जाता अडखळायचा, काहीतरी ऐकल्यासारखा मान नसताना मान वळवायचा. दादाने हेल्मेट काढून ठेवलं.

बारीकरावाला हे दाखवलं तर त्याने कपाळाला हात लावला. "लोकांना शर्ट दिसला पाहिजे, ताई. शर्टामागची बाई नाही." त्याच्या मते सगळा मार्ग कॉम्प्युटरमधे भरून ठेवायचा, मग शर्ट रोज आपोआप तसाच उडेल. "तुम्ही फक्त बटण दाबायचं."

"वॉशिंग मशीनचं बटणही मीच दाबते. म्हणून मी परटीण झाले का?"

त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही. नाटक त्याचं होतं, पडलं असतं तर त्याच्या नावावर पडलं असतं. तरी मला संताप आला. आम्ही तिला जन्मभर काळ्या जाळीत ठेवलं, आणि जाळी निघायची वेळ आली तर काचेच्या खोलीत बसवत होतो. कारण शेवटी ठरलं ते हेच. प्रेक्षकांच्या मागे, काचेच्या खोलीत बसून तिने शर्ट उडवायचा. निमंत्रितांच्या प्रयोगाला जमलं तर ठीक, शर्ट कुठे धडकला तर शर्ट कॉम्प्युटरकडे आणि वहिनी तिकीट खिडकीवर.

आता तुम्हीच बघा. ती प्रेक्षकांच्या मागे, म्हणजे शर्ट प्रेक्षकांकडे वळला की तिच्याकडेच तोंड करणार. हे तिलाही कळत होतं. तरी ती हो म्हणाली, कारण नाही म्हटलं असतं तर प्रयोगही मिळाला नसता.

प्रयोगाला मी विंगेत सुई-दोरा घेऊन उभी होते. नाटकातली बाई एकटी आहे, नवरा गेलेला, त्याचा शर्ट ती अजून धुऊन वाळत घालते. शर्ट दोरीवरून सुटला, पाठमोरा वर गेला, लोकांनी श्वास रोखला. मग तो वळला. बाईकडे जायचं सोडून उलटीकडे गेला, पडद्याला घासला, एक बाही पडद्यात अडकून सुटली. लोक हसले. ते हसू मला चपराकीसारखं लागलं.

काचेच्या खोलीत काय झालं ते बारीकरावानेच नंतर सांगितलं. त्याने कॉम्प्युटरकडे हात नेला. वहिनीने शर्ट जागच्या जागी तरंगत ठेवला, म्हणाली, "हात लावशील तर याद राख," आणि दार उघडून बाहेर पडली.

मला विंगेतून ती येताना दिसली. घरचे कपडे, घरच्या चपला, नाकावर घसरलेला चष्मा, गळ्यात रिमोट. खुर्च्यांच्या मधून, शर्टावरची नजर न हलवता, पायऱ्या चाचपत ती स्टेजवर चढली. भर उजेडात मधोमध जाऊन ती शर्टाच्या पाठीशी उभी राहिली. तोंडावर जाळी नाही, काही नाही.

अभिनेत्री पक्की निघाली. तिने वहिनीकडे बघितलंही नाही, शर्टालाच म्हणाली, "कुठे निघालास? अजून ओला आहेस."

तरंगता शर्ट जरासा हलला. हळूहळू वळला. बाईच्या तोंडासमोर येऊन इतका खाली झुकला की तिने नकळत त्याची कॉलर सारखी केली. हे नाटकात नव्हतं. मग तो वर निघाला, दिव्यांच्याही वर, आणि खाली वहिनीचे दोन अंगठे पोटापाशी जरासे हलत होते, बाकी सगळी बाई त्याच्याबरोबर वर चालली होती. या वेळी कोणी हसलं नाही. मी सुई कुठे टोचून ठेवली तेही मला आठवत नाही.

प्रयोग सुटल्यावर एक प्रेक्षक बाई मला म्हणाल्या, "शर्ट कशावर उडत होता हो? तार दिसली नाही कुठे."

"मागे बाई उभी होती की."

"कुठली बाई?"

मी हे वहिनीला सांगितलं. आधी खूश झाली, मग भडकली. "एवढी धडधडीत उभी होते मी!"

तेवढ्यात बारीकराव आला. त्याचे डोळे लाल होते. "ताई, स्टेजवर तुम्हीच. एक बारीकशी सूचना, फक्त काळे कपडे..."

"काळे नाही. लाल."

"लोकांचं लक्ष तुमच्याकडे जाईल."

"जाऊ दे. शर्टात दम असेल तर परत येईल."

दुसऱ्या दिवशी मी लाल कापड पसरलं. माप घेताना जीभ जरा अडखळली, पण विचारावं तर लागणारच होतं. "मुंढा आता साधाच ठेवते. हात वर जायचा नाही ना."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी कापड उलटं कापलंय.

"मोठा ठेव," ती म्हणाली. "काल दिव्यांच्या वर काय होतं मग?"

मी खडू उचलला आणि मुंढा मोठा आखला.