बाबा आणि चारशे त्रेसष्ट पायऱ्या

बाबांना मी इटलीपर्यंत नेलं आणि बाहेर कट्ट्यावर बसवून ठेवलं.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

बायको केतकी तिच्या आईच्या आजारपणासाठी पुण्यात, मुलगी इरा मेलबर्नला कॉलेजात. सिंगापूरला, पासिर रिसच्या या फ्लॅटमध्ये आज मी एकटाच. सकाळी फोटोला हार घातला, जमेल तसा स्वयंपाक केला, पान वाढलं. आता काय करायचं ते कळत नाही, म्हणून लिहितोय.

बाबा पीडब्ल्यूडीत इंजिनिअर. सांगली जिल्ह्यातले पूल आणि मोऱ्या बांधण्यात उभं आयुष्य गेलं. आई गेल्यावर व्हिजिट पासवर आमच्याकडे राहायला आले.

आम्ही दोघं ऑफिसला, इरा शाळेत. दिवसभर घरात बाबा आणि टीव्ही.

संध्याकाळी विचारलं, की म्हणायचे, "मजेत."

मी ते खरं धरून चालायचो. सोयीचं होतं.

२०१६च्या जूनच्या सुट्टीत इटली ठरलं आणि बाबा एकदम ताजेतवाने झाले. डिप्लोमाला असताना त्यांच्या सरांनी फळ्यावर फ्लॉरेन्सचा घुमट काढून दाखवला होता म्हणे. सेंटरिंग न लावता बांधलेला. एवढा प्रचंड घुमट, खालून लाकडाचा टेकू नाही, मग विटा पडल्या कशा नाहीत? हे त्यांनी जेवताना आम्हाला तीनदा सांगितलं.

तिसऱ्यांदा मी फोन बघत होतो.

मी चार तिकिटं काढली. चारशे त्रेसष्ट पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, हेही सांगितलं.

"बघू," म्हणाले.

इथे बाबांच्या 'नको'बद्दल सांगायला हवं. आमच्या सांगलीच्या घरात पहिलं 'नको' कुणी धरायचंच नाही. पाहुण्यानं ताटावर हात आडवा धरायचा, आपण बोटांच्या फटीतून आमटी वाढायची. तिसऱ्यांदा नको म्हणाला, की मग विचार करायचा.

बाबा स्वतःच्या मुलाच्या घरीसुद्धा पाहुण्यासारखंच नको म्हणायचे.

केतकीला हे बरोबर कळायचं. रोममध्ये बाबा आइस्क्रीम नको म्हणाले, तर तिनं सरळ पिस्त्याचा कोन त्यांच्या हातात दिला. टोकापर्यंत खाल्ला. पिझ्झा नको म्हणाले आणि नंतर इराच्या ताटातला उरलेलाही संपवला. वर शेरा, की भाकरी बरी भाजलीये, पण मीठ कमी.

म्युझियममध्ये आम्ही चित्रं बघायचो, बाबा भिंतीची जाडी. बोटांनी ठोकून. इरा लाजेनं अर्धमेली, तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "आजोबा, डोन्ट टच लाह."

आणि मी? अठरा वर्षं सिंगापूरला राहून मी एकदाच विचारायला शिकलोय. विचारायचं, उत्तर घ्यायचं, पुढच्या कामाला लागायचं. याला मी समोरच्याचा मान राखणं म्हणायचो.

फ्लॉरेन्सला आमची वेळ साडेदहाची होती. रांगेपाशी पोचलो आणि बाबा म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी बसतो इथे."

"नक्की ना, बाबा?"

"हो, हो. माझं काय आता."

केतकी काहीतरी बोलणार होती. मी तिला थांबवलं. नको म्हणतायत ना, कशाला उगाच जबरदस्ती करायची, असं म्हणालो.

खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला घेऊन दर वळणावर थांबावं लागणार नव्हतं.

आम्ही चढलो. वर गेल्यावर भरपूर फोटो काढले.

खाली आलो तेव्हा बाबा त्याच दगडी कट्ट्यावर मान वर करून बसलेले. त्यांनी विचारलं, आतल्या विटा दिसतात का रे? आडव्या विटांत मध्येच उभ्या लावल्यात, ते पाहिलंस?

मी पाहिलं नव्हतं.

"असू दे," म्हणाले. "पाणी पी. दमलायस."

परत आल्यावर त्यांनी घुमटाचं नाव कधी काढलं नाही. मीही नाही.

गेल्या वर्षी न्यूमोनिया झाला आणि सहा दिवसांत बाबा गेले.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी खाली लिफ्टपाशी अकराव्या मजल्यावरच्या चिनी आंटी भेटल्या. इतक्या वर्षांत आमचं नातं मान हलवण्यापुरतं. त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, युअर फादर?

मी सांगितलं.

मग त्या बोलायला लागल्या. इटलीला जायच्या आधी दोन महिने अंकल रोज सकाळी आपल्या बिल्डिंगचा जिना चढायचे. आम्ही घराबाहेर पडलो की लगेच. तळापासून बाराव्या मजल्यापर्यंत. आधी एकदा, मग दोनदा, शेवटी शेवटी तीनदा. आंटीही व्यायामाला जिनाच चढायच्या, म्हणून सोबत झाली. मधे दम खायला पायरीवर बसायचे, तेव्हा अंकल त्यांना विटा कशा रचतात ते हातानं दाखवायचे.

बाबांची या गावात कुणाशी ओळख आहे, हेच मला माहीत नव्हतं.



आंटी हसल्या. माझ्या हातावर थोपटत म्हणाल्या, "ही टेल मी, दॅट डे ही से नो नीड, ही सिट डाउन ऑलरेडी. बट यू नेव्हर लिसन. यू होल्ड हिज हँड, पुल हिम ऑल द वे अप. ही सो हॅपी, लाह. ही से, माय सन व्हेरी स्टबर्न."

मी म्हणालो, "येस, आंटी."

वर्षभर हे कुणाला सांगितलं नाही. केतकीलाही नाही. ती आता इथेच वाचेल.

बाबा, आंटींना तुम्ही ज्या मुलाबद्दल सांगितलंत, तो मी नव्हतो.

मला माफ करा.

तुम्हाला साष्टांग नमस्कार.