पाहुण्यांचा पासवर्ड

आमचं ऑफिस लिफ्टच्या देखभालीचं. ते ज्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे, तिला लिफ्ट नाही. त्यामुळे येणारा माणूस आधी धापा टाकतो, मग हसतो आणि मग कामाचं बोलतो. कुलूपकाका पहिल्यांदा आले तेव्हा हसले नाहीत. दारातच थांबून त्यांनी कडी दोनदा हलवून पाहिली आणि म्हणाले, "कॉम्प्युटरचं मागून बघू. ही कडी तर फुंकरीनंही उघडेल."

छोट्या ऑफिसांची नेटवर्क आखून देणं हा त्यांचा धंदा. कुलूपकाका हे नाव त्यांना आमच्या हिशेबाच्या बाईंनी ठेवलं, आणि ते इतकं चपखल बसलं की साहेबही तोंडावर तसंच म्हणू लागले. काकांनी राग मानला नाही. राग मानावा असा आमचा कारभारच नव्हता. सगळ्या मशीनना एकच पासवर्ड आणि तो विसरू नये म्हणून प्रिंटरवर चिकटवलेला. आमचं वायफाय खालच्या सलूनमधली गिऱ्हाइकं दाढी होईपर्यंत वापरायची.

काकांनी कागदावर चौकोन काढले. "ऑफिस म्हणजे घर समजा. हिशेबाचा कॉम्प्युटर ही तिजोरीची खोली. तिथे बाई आणि साहेब, बाकी कुणी नाही. तुमची कामाची मशीनं हे माजघर. आणि बाहेरून येणाऱ्यांसाठी ओसरी, म्हणजे पाहुण्यांचं वेगळं वायफाय. ओसरीवर खुशाल बसावं, इंटरनेट वापरावं. पण तिथून आतलं काही दिसत नाही. आत घर आहे हेही कळत नाही."

"आणि आमचे मेहुणे?" साहेबांनी विचारलं. मेहुणे रोज दुपारी येऊन आमच्या वायफायवर क्रिकेट बघायचे.

"ओसरीवर," काका क्षणाचाही विचार न करता म्हणाले. "नातं नेटवर्कला कळत नाही."

"हे एवढं वाक्य माझ्या बायकोला तुम्ही सांगा!"

काका पहिल्यांदा हसले ते तेव्हा.

काम चालू झालं. छताच्या फळ्या निघाल्या, तारा लोंबू लागल्या आणि शिडीवर काकांचे फक्त पाय दिसू लागले. त्या पायांशी आमच्या गप्पा चालत. एकदा ते वरूनच म्हणाले, "जे एकाच ठिकाणी आहे, ते नाहीच असं समजा. हिशेबाच्या नकला करून एक इथे, एक साहेबांच्या घरी."

बाई म्हणाल्या, "घरी तरी करता का हो काका एवढं? का आमच्यावरच जुलूम?"

काका खाली उतरले, चहा घेतला आणि सांगू लागले.

त्यांची मुलगी शिकायला परगावी होती तेव्हा तिची आई तिला रोज फोनवर बोलणं रेकॉर्ड करून पाठवायची. दूध कसं उतू गेलं, समोरची कुणाशी भांडली, बाबा चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा कसा शोधत होते. "हिला गप्पा मारायला समोर माणूस लागायचं नाही, फोन पुरायचा." ते सगळं काकांनी घरच्या वायफायवरून ऐकता येईल अशा डिस्कवर जपलं होतं, वर आणखी दोन नकला. बायको आता नव्हती.

ती गेली त्या दिवशी काका कुणाच्या तरी छतात तार ओढत होते. फोन खाली पिशवीत. दवाखान्यात पोचले तेव्हा मुलगी दारातच उभी होती. "सगळ्या जगाला जोडता, बाबा," ती म्हणाली, "आमचा तेवढा फोन उचलला नाहीत." त्यानंतर ती घरी आली नाही.

"पण आता येतेय," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम कोवळा झाला. "तिचा फोन हरवला. तिच्याकडचं आईचं सगळं गेलं. मला विचारत होती, बाबा, तुमच्याकडे आहे ना अजून? म्हटलं, आहे. ये, तूच बघ. रविवारी येतेय."

तो आठवडा काका शिडीवर शीळ घालत होते. बाईंना विचारून त्यांनी नवे पडदे घेतले. "रविवारी आमच्याकडे तपासणी आहे," म्हणायचे. शनिवारी निघताना साहेबांनी मुद्दाम हटकलं, "काका, कडीला तेल घातलंत ना?" तर काका लाजले. खरंच लाजले.

सोमवारी ते आले नाहीत. मंगळवारीही नाही. बुधवारी आले आणि न बोलता शिडी चढले. थोड्या वेळाने बाईंनीच शिडीला हात लावला. "काका, खाली या बघू. चहा गार होतोय." चहा अजून आलाही नव्हता. काका उतरले.

मुलगी आली होती. हातपाय धुऊन बसली, फोन काढला आणि म्हणाली, "बाबा, वायफायचा पासवर्ड?" आणि काकांनी सांगितला. आल्यागेल्याला आजवर जो सांगत आले, तोच तोंडातून आला. पाहुण्यांचा. घरीही त्यांनी ओसरी वेगळी ठेवली होती.

"मग म्हटलं, आईचं ऐकताना मी कशाला समोर? रडू आलं तर मोकळं रडू दे पोरीला. म्हणून बिस्किटं आणायला गेलो. मुद्दाम लांबच्या दुकानात." काका कपाकडे बघत होते. "परत आलो तर बॅग घेऊन दारात. म्हणाली, आईचं सगळं पुसूनच टाकलं होतं तर फोनवर सांगायचं होतंत, बाबा. आले नसते."

"अहो, मग तुम्ही सांगायचं नाही का!" बाई कळवळून म्हणाल्या.

"मला कळलंच नाही हो काय झालं ते. डिस्क तर समोर चालू, दिवा लागलेला. मी दिवाच बघत बसलो. ती गेल्यावर राउटरमधली नोंद उघडली, तेव्हा पाहुण्यांच्या यादीत तिचा फोन दिसला."

तिला आतलं काही दिसलंच नव्हतं. काकांचं काम चोख होतं.

त्यांनी फोन केले, तिने उचलले नाहीत. मग सगळं लिहून कळवलं, आईची दोन बोलणीही सोबत पाठवली. उत्तर आलं. काकांनी ते आम्हाला वाचून दाखवलं, पत्ता वाचावा तशा सपाट आवाजात. "चूक कळली. तुम्ही खोटं बोलत नाही हेही माहीत आहे. पण मला बघून तुमच्या तोंडात पाहुण्यांचाच आला ना, बाबा?"

मेहुण्यांनी क्रिकेट बंद केलं.

काकांनी आमचं काम नीट पुरं केलं. तारा बांधल्या, फळ्या बसवल्या, प्रिंटरवरचा कागद स्वतः खरवडून काढला. मेहुणे ओसरीवरच राहिले.

नंतर एकदा नेटवर्कच्या कपाटाची जास्तीची किल्ली द्यायला मी त्यांच्या घरी गेलो. पडदे नवेच होते. बिस्किटांचा पुडा टेबलावर, न फोडलेला. माझ्या फोनला रेंज नव्हती, म्हणून पासवर्ड विचारला. त्यांनी सांगितला, आणि फोनवर डिस्कचं नाव आलं, त्याखाली त्यांच्या बायकोच्या बोलण्यांची रांग.

"काका, हा तर आतला!"

"आता एकच आहे. ओसरी काढून टाकली."

"अहो, हे धोक्याचं! तुम्हीच आम्हाला शिकवलंत. उद्या कुणी चोर शिरला तर?"

"शिरू दे," कुलूपकाका म्हणाले. "तेवढंच कुणीतरी तिचं ऐकेल."

मग त्यांनी पुडा फोडला आणि माझ्यापुढे केला. बिस्किटं मऊ पडली होती. आम्ही दोघांनी ती खाल्ली.