तीन मशिनी आणि मेव्हण्याचा कौल

मांद्र्याच्या एका बंगलेवाल्याने आपलं लॉन उखडून तिथे फरशी घातली, तेव्हा गवत कापायच्या सगळ्या मशिनी त्याने मला देऊन टाकल्या. एक ढकलायची, तीन खांद्याला अडकवायच्या. आमच्याकडे पावसाळ्यात गवत न बोलावता गुडघ्यापर्यंत येतं. हा गृहस्थ मात्र ते विकत आणून लावायचा, उन्हाळाभर त्याला पाणी पाजायचा आणि वाढलं की मला कापायला लावायचा. सहा वर्षं मी ते कापलं. असल्या खुळ्या हौसेवर माझं घर चाललं, हे सांगायची आजही लाज वाटते.

चारही मशिनी बंद पडलेल्या होत्या. शेजारी म्हणाले, भंगारवाल्याला देऊन टाक. लोक खरोखर अशा अख्ख्याच देतात! भंगारवाला काटा टांगतो, सगळं लोखंडाच्या भावाने तोलतो आणि आतलं तांबं त्याला फुकटात पडतं. मी डिचोलीच्या खाणीवर वर्कशॉपात फिटर होतो. खाण बंद पडली म्हणून माझी अक्कल बंद पडली नव्हती. आधी पेट्रोल आणि ऑइल काढून टाकायचं. मग जुन्या स्पीकरमधलं चुंबक लावून बघायचं. चिकटलं ते लोखंड. इंजिनाचा सांगाडा आणि दांड्याची नळी ॲल्युमिनियमची, कॉइलमध्ये तांबं, कार्ब्युरेटरमध्ये चिमूटभर पितळ. ढीग वेगळे केले की प्रत्येकाला आपापला भाव मिळतो. एवढं कळणारा पेडण्यात मी एकटाच, असं माझं ठाम मत होतं.

मी पाने-पक्कड काढून बसलो आणि नेमका त्याच दिवशी मेव्हणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, सावंतवाडीकडचा. पूर्वी खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी थांबल्यापासून कधी वास्कोला, कधी तुयेला, मिळेल ते करायचा. महिनाभरापूर्वी तेही सुटलं होतं. खांद्याच्या मशिनी बघून तो उकिडवा बसला.

"भावोजी, तिनांतसून एक उभी रवतली. काजीची बेणणी आता सुरू जातली, माणसा गावत नाय. माका एक दिया."

डोंगरउतारावरच्या काजूच्या बागा हंगामाआधी साफ कराव्या लागतात, हे खरं. पण मशीन अजून दुरुस्त व्हायची होती आणि हा कुणाची बाग आधी घ्यायची ते ठरवत होता. बाजारात तुरी! वर म्हणतो, नवा धंदा आहे, गावच्या देवाला कौल लावून सोमवारी येतो, तोवर मोडू नका. देवाच्या अंगावर फुलं चिकटवायची. उजवीकडचं पडलं तर कर, डावीकडचं पडलं तर नको. मला हसू आवरेना.

"जा, इचार देवाक," मी म्हणालो. "देव आता मशिनी दुरुस्त करूक बसलोहा!"

माझ्या टोमण्यातला 'जा' तेवढा त्याने उचलला आणि शब्द मिळाला असं समजून गेला.

शनिवारी भंगारवाल्याचा फोन आला, उद्या गाडी तुमच्या बाजूला येतेय. मी पडवीत पोतं अंथरलं. बायको दारात येऊन म्हणाली, "तो येयसर रावा. तुमीच ताका जा म्हटलास."

मी ऐकलं नाही. ढकलायची मशीन आधी सुटी केली, मग पहिल्या दोन. त्यांचे पिस्टन खरवडून गेले होते. तिसरीचा हातात घेतला तर गुळगुळीत, एक ओरखडा नाही. आतलं एक रबर बदललं असतं आणि पहिलीचा प्लग बसवला असता, तर ती सुरू झाली असती. फिटरला हे सांगावं लागत नाही. तरी मी हातोडा उचलला. ती सुरू झाली असती, तर ट्रक हाकणारा मेव्हणा बरोबर आणि मी चूक ठरलो असतो. तेवढ्यासाठी मी ती फोडली.

भाव उत्तम मिळाला. भंगारवालासुद्धा म्हणाला, असा वेगळा केलेला माल कुणी देत नाही. ते ऐकून मी फुगलो, हेही कबूल करतो.

सोमवारी सकाळी मेव्हणा आला तो हसतच. "उजवो कौल दिल्यान!" पानात गुंडाळलेली प्रसादाची फुलं त्याने मशीनला वाहायला आणली होती. पडवीत ऑइलचे डाग तेवढे होते. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. ती पदर तोंडाला लावून आत गेली.

मी खिशातून भंगाराचे सगळे पैसे काढून त्याच्या हातात कोंबले. त्याने नोटा नीट केल्या आणि कठड्यावर ठेवल्या.

"पैसे नको, भावोजी. ते म्हयन्याभरात सरतले. माका काम होया होता."

फुलं त्याने तुळशीपाशी ठेवली आणि दहाच्या बसने परत गेला. बायकोने त्याच्यासाठी आमटीला खोबऱ्याचं वाटप वाटून ठेवलं होतं. ती आमटी मी एकट्याने जेवलो. त्यानंतर तो माझ्या घरी कधी जेवायला बसलेला नाही.